माफ करायला शिकवता येतं का? (अहिंसा, क्षमा, रिस्टोरेटिव्ह जस्टिसच्या शिबिरासाठी मदत हवी)

पाऊलवाट
नमस्कार मंडळी. आमचा एक छोटा गट आहे, कॉलेजची मुलं, काही पालक, दोन-तीन निवृत्त शिक्षक. मधूनमधून एक विषय घेऊन दिवसभर बसतो. यावेळचा विषय अहिंसा, क्षमा आणि रिस्टोरेटिव्ह जस्टिस, म्हणजे नुसत्या शिक्षेपेक्षा झालेलं नुकसान भरून काढण्यावर भर देणारा न्याय (पुढे नुसतं आरजे लिहिते, टाइप करून बोटं दुखतात) आणि आखणी माझ्या गळ्यात पडलीय.

नेहमीसारखी आखणी केली, सकाळी अहिंसेवर एक भाषण, मग क्षमेवर एक भाषण, दुपारी आरजेवर व्हिडिओ आणि शेवटी 'क्षमेचा संकल्प', म्हणजे प्रत्येकाने आपण ज्याला माफ करणार त्याचं नाव चिठ्ठीवर लिहून डब्यात टाकायचं. ग्रुपवर टाकली तर सगळ्यांचे अंगठे आले, फक्त एक मुलगी म्हणाली ताई मी त्या दिवशी नाही येत. का गं विचारलं तर म्हणे, नाव लिहिलं तरी मला त्रास आणि कोरी टाकली तरी शेजारचा बघणार. त्यापुढे ती काही बोलली नाही आणि मीही खोदलं नाही.

तर प्रश्न असा की हे विषय शिकवायचे म्हणजे नेमकं काय शिकवायचं? ज्यांनी प्रत्यक्ष काम केलंय त्यांनी सांगा. गोड गोड सुविचार नकोत, ते व्हॉट्सॅपवर भरपूर मिळतात.

तिरकस_बाण
पहिलं म्हणजे तो डबा काढा.

दुसरं, हे आरजे प्रकरण मला कधीच पटलं नाही. एकाने दुसऱ्याचं डोकं फोडायचं, मग दोघांना गोल बसवायचं, एकाने सॉरी म्हणायचं, दुसऱ्याने मोठं मन करायचं, तिसऱ्याने फोटो काढायचा. ज्याचं डोकं फुटलं त्याला काय मिळालं? चहा?

रानभूल
वाचतेय. विषय जवळचा आहे, सवडीने लिहिते.

दुसरी_घंटा
बाण, तुम्ही जे वर्णन केलंय ते खरंच ठिकठिकाणी आरजेच्या नावाखाली चालतं, पण ते आरजे नाही, ती नुसती मांडवली आहे.

मी शाळेत समुपदेशक आहे, मुलांच्या भांडणांपासून बऱ्याच गंभीर गोष्टींपर्यंत अशा बैठका घेते, त्यामुळे थोडं सविस्तर लिहिते, लांबलं तर सांभाळून घ्या.

याची आधुनिक सुरुवात बहुतेक जण कॅनडातल्या एलमायरा या छोट्या गावापासून सांगतात. १९७४ साली दोन तरुण पोरांनी दारू पिऊन एका रात्रीत २२ ठिकाणी मोडतोड केली, गाड्या, काचा, दिसेल ते. मार्क यांत्झी नावाच्या प्रोबेशन अधिकाऱ्याने न्यायाधीशांना सुचवलं की या पोरांनी ज्यांचं नुकसान केलंय त्या प्रत्येकाच्या दारात जाऊन उभं राहावं. न्यायाधीश चक्क हो म्हणाले. पोरं दारं वाजवत फिरली, अधिकारी मागे वही घेऊन उभे, आणि पुढच्या काही महिन्यांत पोरांनी भरपाई चुकती केली. त्यातला एक जण पुढे मोठा झाल्यावर याच क्षेत्रात काम करायला लागला. गोष्ट छान आहे आणि सगळ्या शिबिरांमधून सांगितली जाते, पण एक कुणी सांगत नाही की आज कुठलाही शहाणा माणूस हे असं करणार नाही. समोरच्याला न विचारता त्याच्या दारात गुन्हेगार नेऊन उभा करायचा? ज्याला भीती वाटते त्याने काय करायचं? मधल्या काळात या क्षेत्राने जे काही शिकलंय ते सगळं त्या दार वाजवण्याच्या आधीच्या कामात आहे.

आधीचं काम म्हणजे काय ते एका उदाहरणाने सांगते, ओळख पटू नये म्हणून तपशील बदललेत. एक मुलगा वर्गात मोठ्याने वाचताना अडखळायचा. तिघांनी त्याचा व्हिडिओ काढला, मागे गाणं टाकलं, तो वर्गाच्या ग्रुपवर गेला, तिथून कुठे कुठे गेला. शाळेचा पहिला विचार नेहमीचा, तिघांना ऑफिसात बोलावून सॉरी म्हणायला लावू, पालकांची सही घेऊ, विषय मिटवू. त्याऐवजी मी आधी त्या मुलाशी एकट्याशी बोलले, मग परत बोलले, त्याच्या आईशी बोलले. मग त्या तिघांशी वेगवेगळं, एकत्र नाही, कारण एकत्र असले की तिघांची मिळून एकच गोष्ट तयार होते. त्यातला एक म्हणत होता मी फक्त फॉरवर्ड केला. तो तिथेच अडून राहिला असता तर बैठक झालीच नसती, जो मुळात केलं हेच मानत नाही त्याला समोर बसवणं म्हणजे त्या मुलाचा दुसऱ्यांदा तमाशा.

आणि त्या मुलाला काय हवं होतं ऐका. सॉरी नको होतं. त्याला दोन गोष्टी हव्या होत्या. एक, तो व्हिडिओ नक्की कुणाकुणाकडे गेलाय त्याची पूर्ण यादी, कारण रोज रस्त्याने जाताना समोरचा हसला की यानेही पाहिला असेल का हेच डोक्यात. आणि दुसरी, मी स्वतः हात वर करेपर्यंत मला वाचायला उभं करायचं नाही. आता ही दुसरी मागणी त्या तिघांकडे नव्हतीच, शाळेकडे होती. आपण सरळ शिक्षा ठोकली असती तर हे कुणाला कळलंच नसतं.

बैठकीत तिघांनी समोर बसून यादी केली, आठवून आठवून, एक जण मध्येच रडायला लागला कारण त्याने आपल्या मामेभावाला पाठवलेला आणि त्याच्याकडून तो तिसऱ्याच शाळेत गेलेला. ज्या ज्या ग्रुपवर टाकला तिथे जाऊन आम्ही हे केलं, चुकीचं होतं, डिलीट करा असं स्वतःच्या नावाने लिहायचं ठरलं, तारखेसकट. शेवटी वर्गशिक्षक उठले आणि म्हणाले, चला आता हात मिळवा बघू. मी म्हटलं सर, थांबा. तो मुलगा हात मिळवणार नव्हता आणि त्याची गरजही नव्हती. आजही ते चौघं मित्र नाहीत, पण तो शाळेत येतो.

त्याला काय मिळालं याचं उत्तर हे आहे, बाण. चहा नव्हता.

कडुनिंबाची_सावली
वरचा प्रतिसाद सेव्ह करून ठेवला. "फक्त फॉरवर्ड केला" हे वाक्य आमच्या घरात पण ऐकलंय.

मधुमालती
इथे लिहू की नको असं चाललं होतं. लिहिते.

घरातल्याच एका माणसाने मला बरीच वर्षं मारलं. मी बाहेर पडले, आता ठीक आहे. पण मारण्याइतकाच त्रास मला नंतरच्या बैठकीचा झाला. सगळे मोठे जमले, तो बसला खाली मान घालून आणि म्हणाला "माझं काही चुकलं असेल तर माफ कर." असेल तर! मी गप्प बसले तर सगळे माझ्याकडे बघायला लागले, जणू आता चेंडू माझ्याकडे. एक आत्या म्हणाली, अगं तो एवढा पुरुषासारखा पुरुष वाकला, तू एवढं ताणू नकोस. म्हणजे त्या खोलीत आत आल्यावर दोषी तो होता आणि बाहेर पडेपर्यंत हट्टी मी झाले.

पाऊलवाट, तुमची ती मुलगी कोण मला माहीत नाही पण तिच्या बाजूने एक सांगते. क्षमेवर भाषण देताना समोर बसलेल्यांपैकी कुणीतरी असं असणारच हे धरूनच चाला. आणि कृपा करून "क्षमा ही स्वतःला दिलेली भेट असते" हे वाक्य कुणी बोलू नका.

काळा_कोट
मधुमालती ताईंनी लिहिलं त्याबद्दल आभार, सोपं नसतं हे.

वकिलाच्या नजरेतून थोडंसं. आरजे म्हणजे कायद्याला बाजूला सारून केलेला समझोता असं बऱ्याच लोकांना वाटतं, पण जिथे हे नीट चालतं तिथे ते कायद्याच्या आत बसवलेलं असतं. न्यूझीलंडने १९८९ च्या कायद्याने बाल गुन्हेगारांसाठी कुटुंब परिषद आणली. मुलगा, त्याचं कुटुंब, ज्याचं नुकसान झालं तो (यायचं असेल तर), पोलीस, सगळे बसतात, आणि मधे एक वेळ अशी असते की अधिकारी बाहेर जातात आणि कुटुंबाने आपल्या आपण बसून योजना तयार करायची. माओरी लोकांचा (तिथले मूळ रहिवासी) आक्षेप होता की सरकार आमची मुलं उचलून संस्थांमध्ये टाकतं आणि आम्हाला कुणी विचारतही नाही, त्यातून हे आलं. पुढे २०१४ पासून प्रौढांच्या काही खटल्यांतही, आरोपीने गुन्हा कबूल केला आणि पीडित व्यक्ती असली, तर शिक्षा सुनावण्याआधी कोर्टाने थांबून आरजे शक्य आहे का ते तपासून घ्यायचं अशी तरतूद झाली. शिक्षा रद्द होते असं नाही हं, तिथे काय घडलं ते न्यायाधीश शिक्षा ठरवताना विचारात घेतात एवढंच.

संयुक्त राष्ट्रांनी २००२ मध्ये मूलभूत तत्त्वं काढली. त्यातली तीन तुमच्या शिबिरात फळ्यावर लिहाच. दोघांचीही संमती मोकळेपणाने दिलेली हवी आणि ती केव्हाही मागे घेता आली पाहिजे. आरोपी बैठकीला आला हा पुढे कोर्टात गुन्ह्याच्या कबुलीचा पुरावा म्हणून वापरायचा नाही. आणि दोघांच्या ताकदीत तफावत असेल तर ती आधी लक्षात घ्यायची. मधुमालती ताईंच्या बैठकीत यातलं पहिलं आणि तिसरं दोन्ही नव्हतं. ती आरजे नव्हती, घराण्याची इभ्रत वाचवायची सोय होती.

घरगुती हिंसेत हे वापरायचंच नाही असं मानणारे बरेच जाणकार आहेत, काही जण म्हणतात खास तयारी आणि सुरक्षेची व्यवस्था असेल तर वापरा. मी पहिल्या गटात आहे. निदान शिबिरातून शिकून आलेल्या हौशी माणसाने तर अशा प्रकरणाला हातच लावू नये. पोलिसांकडे जायचा रस्ता मोकळा राहिला पाहिजे आणि तो मोकळा आहे हे मोठ्याने सांगितलं पाहिजे.

समर्पण
चर्चा छान चालली आहे पण थोडी नकारात्मक वाटते. राग धरून ठेवल्याने त्रास आपल्यालाच होतो हे विज्ञानही मान्य करतं. समोरच्याने माफी मागो न मागो, आपण मनातून सोडून दिलं की आपण मोकळे. मी स्वतः अनुभवलं आहे. शिबिरातून हा संदेश जायलाच हवा असं माझं प्रामाणिक मत.

मधुमालती
तुम्ही अनुभवलंत, चांगलं आहे, मनापासून म्हणते. पण तो संदेश जेव्हा मंचावरून येतो तेव्हा ज्याला जमलं नाही त्याला वाटतं आता हे पण माझ्याच खात्यावर. मारलं त्याने, आणि बरं व्हायचा गृहपाठ मला, आणि तो नाही केला तर नापास पण मीच.

दुसरी_घंटा
समर्पण, मानसशास्त्रात क्षमेवर काम करणारे लोकसुद्धा दोन गोष्टी काटेकोर वेगळ्या ठेवतात. मनातला राग कमी होणं ही आतली गोष्ट, आणि त्या माणसाशी परत संबंध ठेवणं ही बाहेरची. पहिली झाली म्हणजे दुसरी झालीच पाहिजे असं नाही, आणि घडलं ते ठीकच होतं असाही त्याचा अर्थ नाही, तक्रार मागे घ्यायची असाही नाही. आपल्याकडे मोठी माणसं "माफ कर" म्हणतात तेव्हा त्यांना बहुतेक वेळा दुसरी हवी असते, म्हणजे परत एका पंगतीला बसा, लोक काय म्हणतील. तुमचा अनुभव खोटा नाही, फक्त तो सल्ला म्हणून वाटायचा नाही. कुणी विचारलं तर सांगायचा.

रानभूल
सवड मिळाली. दक्षिण आफ्रिकेचं उदाहरण या विषयात हमखास येतं आणि हमखास अर्धंच येतं म्हणून लिहिते.

वर्णभेदाची राजवट संपल्यावर १९९५ च्या कायद्याने सत्य आणि सलोखा आयोग नेमला गेला, अध्यक्ष आर्चबिशप डेस्मंड टुटू, सुनावण्या १९९६ मध्ये सुरू झाल्या. सुमारे २१,००० लोकांच्या जबान्या. ज्यांचं कोणी ऐकलंच नव्हतं अशा आया-बायकांनी माईकसमोर बसून सांगितलं, रेडिओ-टीव्हीवर देशाने ऐकलं. हे झालं म्हणून नंतर कुणालाही "असं काही घडलंच नव्हतं" म्हणता आलं नाही, हे काम फार मोठं.

पण शिबिरात लोक सांगतात की तिथे गुन्हेगारांनी माफी मागितली आणि लोकांनी क्षमा केली. कायद्यात तसं नव्हतंच! कायदेशीर माफीसाठी (म्हणजे खटल्यातून सुटका) दोनच मोठ्या अटी, कृत्य राजकीय हेतूने केलेलं असावं आणि सगळं खरं खरं सांगावं. पश्चात्ताप दाखवणं, सॉरी म्हणणं ही अट नव्हती. आणि सरसकट माफीही नव्हती, ७,११२ अर्जांपैकी ८४९ जणांनाच मिळाली.

तिरकस_बाण
हे मला माहीत नव्हतं. म्हणजे अटीत सॉरी नाही, पण सत्य आहे. हा सौदा मला उलट जास्त प्रामाणिक वाटतो. निदान नाटक नाही.

पण ज्यांचा माणूस मारला त्यांनी काय करायचं? पोलीस कोठडीत मारला गेलेला वर्णभेदविरोधी कार्यकर्ता स्टीव्ह बिको, त्याच्या घरच्यांनी तर या माफीच्या तरतुदीविरुद्ध कोर्टात धाव घेतली होती ना?

रानभूल
हो, १९९६ मध्ये बिको कुटुंब आणि इतर काही जण तिथल्या घटनात्मक न्यायालयापुढे गेले की आमचा कोर्टात जायचा हक्क तुम्ही काढून कसा घेता. हरले. नंतर बिकोंच्या मृत्यूप्रकरणी ज्या पोलिसांनी अर्ज केले त्यांना आयोगाने माफी नाकारली, खरं सांगत नाहीत म्हणून. तरी खटला काही उभा राहिला नाही तेव्हा. आणि ज्यांना माफी नाकारली गेली त्यांच्यातल्या फार थोड्यांवर पुढे खटले चालले, हे त्या प्रयोगाचं सगळ्यात दुखरं अंग आहे. भरपाईचंही तसंच, आयोगाने शिफारस केली त्यापेक्षा बरीच कमी रक्कम, एकदाच, ३०,००० रँड, तीही २००३ मध्ये. मारेकऱ्याची माफी लगेच आणि आईचे पैसे सात वर्षांनी. शिबिरात टुटूंचा रडतानाचा फोटो दाखवाल तर हेही सांगा.

रवांडाच्या गाचाचाचंही (तिथली गाव-न्यायालयं) असंच दोन्ही बाजूंनी सांगावं लागतं. १९९४ च्या नरसंहारानंतर तुरुंग इतके भरले की नेहमीच्या कोर्टांना कित्येक पिढ्या लागल्या असत्या, म्हणून गावोगावी लोकांमधूनच निवडलेले न्यायाधीश, उघड्यावर सुनावणी, २०१२ ला बंद होईपर्यंत १९ लाखांवर प्रकरणं. कित्येकांना आपल्या माणसांचे मृतदेह कुठे आहेत ते त्यातून कळलं. आणि दुसरीकडे वकील नाही, साक्षीदारांना धमक्या, काहींचे खून, पुढे सत्तेवर आलेल्या विजयी बाजूने केलेल्या हत्यांवर तिथे बोलायचंच नाही.

जुनी_वही
अहिंसेकडे कुणी वळतच नाहीये, विषयातला पहिला शब्द तोच आहे हो! मी थोडं म्हातारपणाचं पाल्हाळ लावतो.

अहिंसा शिकवायची म्हणजे गांधीजींचा फोटो आणि दोन अवतरणं, असंच आपल्याकडे चालतं. पण जिथे ती खरोखर शिकवली गेली तिथे ती कवायतीसारखी शिकवली गेली. जेम्स लॉसन नावाचे अमेरिकन कृष्णवर्णीय धर्मोपदेशक १९५० च्या दशकात आपल्या नागपूरला हिस्लॉप कॉलेजात होते, तिथे राहून त्यांनी गांधींच्या पद्धती अभ्यासल्या. परत जाऊन नॅशव्हिलमध्ये विद्यार्थ्यांचे वर्ग घ्यायला लागले. वर्ग कसले, तालमीच. खुर्च्या मांडून हॉटेलचा काउंटर करायचा, अर्धी मुलं त्यावर बसणार, अर्धी मागून शिव्या देणार, ढकलणार, तोंडावर सिगारेटचा धूर सोडणार, खुर्चीवरून ओढून पाडणार. पाडल्यावर डोकं कसं झाकायचं, शेजारच्याला मार बसत असेल तर आपण मध्ये कसं यायचं, नजर कुठे ठेवायची, हे सगळं घटवलं. ज्याला जमणार नाही असं वाटलं त्याला दुसरं काम, गाड्या चालव, फोनवर बस. फेब्रुवारी १९६० मध्ये ही मुलं खऱ्या काउंटरवर (जिथे कृष्णवर्णीयांना बसून खाऊ देत नसत) जाऊन बसली, मार खाल्ला, अटक झाली, लॉसनना विद्यापीठाने काढून टाकलं, आणि मे महिन्यात नॅशव्हिलच्या मध्यवर्ती दुकानांमधले काउंटर सगळ्यांना खुले झाले.

सांगायचा मुद्दा, राग येणार नाही असं कुणी त्यांना शिकवलं नाही. राग आल्यावर हाताचं काय करायचं ते शिकवलं.

अवांतर: चंबळच्या डाकूंची शरणागती आठवते का कुणाला? १९६० ला विनोबांपुढे आणि १९७२ ला जयप्रकाशांपुढे. आमच्या लहानपणी हृदयपरिवर्तनाची गोष्ट म्हणून सांगत. १९७२ ला शेकडोंनी शस्त्रं ठेवली, फाशी होणार नाही असा शब्द मिळाला होता, खटले चालले, मुंगावलीला खुला तुरुंगही झाला. पण १९६० लाच पोलीस खात्यातून तक्रार होती की तुम्ही यांचे सत्कार करताय. आता तुमचं हे सगळं वाचून मला पहिल्यांदाच वाटतंय की त्या मंचावर ज्यांच्या घरातली माणसं मारली गेली ते कुठे बसले होते?

तिरकस_बाण
वहीकाका, हे पाल्हाळ असेल तर रोज लावा.

आकडेमोड
माझा नेहमीचा रटाळ प्रश्न, याचा उपयोग होतो का? जेवढं मला पक्कं माहीत आहे तेवढं टाकतो.

इंग्लंडमध्ये सरकारी खर्चाने आरजेचे मोठे प्रयोग झाले, अहवाल २००८ च्या आसपास आले. बैठकीला बसलेल्या पीडितांपैकी ८५ टक्के प्रक्रियेबद्दल समाधानी, आणि गुन्हेगारांच्या पुन्हा दोषी ठरण्याच्या वारंवारतेत सरासरी १४ टक्के घट. १४ म्हणजे चमत्कार नाही, पण शून्यही नाही. गंमत अशी की इतर अभ्यासांत हा परिणाम किरकोळ चोऱ्यांपेक्षा हिंसक गुन्ह्यांत जास्त दिसतो, म्हणजे "छोट्या गोष्टींसाठी ठीक आहे" हे आपलं सगळ्यांचं मत तपासून बघायला हवं. अर्थात तिथे प्रशिक्षित माणसं होती आणि दोघंही स्वतःहून आलेले होते, हे विसरायचं नाही.

शाळांचं चित्र मात्र संमिश्र. अमेरिकेत पिट्सबर्गच्या ४४ शाळांत चिठ्ठ्या टाकून निम्म्या शाळांना हे दिलं. मुलांना शाळेतून काही दिवस काढून टाकण्याचं प्रमाण घटलं, शिक्षकांना वातावरण सुधारलं असं वाटलं, पण सहावी ते आठवीच्या मुलांचे गुण घसरले आणि अटकांमध्ये फरक पडला नाही. घंटाताई, तुमच्यासारखी माणसं प्रत्येक शाळेत नसतात हे त्याचं एक कारण असावं असा माझा अंदाज.

अहिंसेचं म्हणाल तर १९०० ते २००६ मधल्या ३२३ आंदोलनांचा एक प्रसिद्ध अभ्यास आहे, अहिंसक आंदोलनं ५३ टक्के यशस्वी, सशस्त्र २६ टक्के.

दुसरी_घंटा
आकडेमोड, अंदाज बरोबर वाटतो. शाळांमध्ये काय होतं की एक दिवसाचं ट्रेनिंग, एक लॅमिनेट केलेला कागद ज्यावर पाच प्रश्न, आणि मग शिक्षक वर्ग चालू असताना दारात उभं राहून ते पाच प्रश्न फर्र्कन वाचतात. प्रश्न चांगलेच आहेत हो, काय झालं, तेव्हा तुझ्या मनात काय चाललं होतं, नंतर काय वाटत राहिलं, कुणाला कसा त्रास झाला, आता ते नीट करायला काय करावं लागेल. यात "का केलंस" नाहीये बघा, का विचारलं की मूल वकील होतं. पण वेळ दिला नाही तर हे पाच प्रश्न म्हणजे उलटतपासणीच.

पाऊलवाट
एवढं मिळेल असं वाटलं नव्हतं. सगळं वाचून कच्ची आखणी परत केलीय, फोडा आता.

डबा गेला. क्षमेवरचं भाषण गेलं. त्याजागी अर्धा तास फक्त यावर की माफी मागणाऱ्याने काय काय करायला हवं. काय केलं ते नाव घेऊन सांगणं, "असेल तर" न लावता, कारणं न देता, आणि भरून काय देणार ते सांगणं, आणि समोरच्याने नाही म्हटलं तर ते ऐकून घेऊन घरी जाणं. क्षमा करणाऱ्याला काहीच शिकवायचं नाही. सकाळी वहीकाकांच्या पद्धतीने तालीम, शिव्यांची नाही पण टोमणे आणि अंगावर येण्याची. दुपारी आरजेची एक बनावट बैठक. काळा_कोट यांची तीन तत्त्वं फळ्यावर, आणि कुठल्या प्रकरणांना आपण हात लावायचा नाही तेही फळ्यावर.

बनावट बैठकीचं टेन्शन आहे. कुणाला काही आठवून त्रास झाला तर?

काळा_कोट
पहिल्या अर्ध्या तासात एक वाक्य घाला, माफी मागितली म्हणून तक्रार मागे घ्यायला कुणी बांधील नाही. बाकी झकास.

मधुमालती
ही आखणी असेल तर मी स्वतः बसले असते. दार उघडं ठेवा आणि उठून बाहेर जाणाऱ्याच्या मागे "काय झालं गं" करत कुणी जाऊ नका. एक माणूस बाहेर आधीच बसवून ठेवा, तो पुरे.

समर्पण
मला अजूनही क्षमेबद्दल दोन शब्द असावेत असं वाटतं. पण मधुमालती ताईंचा गृहपाठाचा मुद्दा दोन दिवस डोक्यातून जात नाहीये हेही खरं.

दुसरी_घंटा
बनावट बैठकीसाठी काही गोष्टी. प्रसंग तुम्ही लिहून द्या, कुणाचाही स्वतःचा घ्यायचा नाही, "माझ्याच बाबतीत झालं होतं, ते करू का" असं कुणी उत्साहाने म्हणेल, ठाम नाही म्हणा. प्रसंग मध्यम ठेवा, उसनी घेतलेली सायकल मोडून न सांगता परत ठेवली इतपत. आधीच्या वेगवेगळ्या भेटी पण करून दाखवा, निम्मा वेळ त्यालाच द्या, नाहीतर सगळ्यांना वाटेल गोल बसणं म्हणजेच आरजे. शेवटी ठरलेलं कागदावर लिहा, कोण काय कधी करणार आणि ते झालं की नाही हे कोण बघणार. हा शेवटचा माणूस कायम राहून जातो आणि मग ठरलेलं हवेत विरतं. आणि संपल्यावर प्रत्येकाने आपलं खरं नाव सांगून भूमिकेतून बाहेर यायचं, बालिश वाटतं पण करा.

तिरकस_बाण
पाऊलवाट, बाहेरच्यांना प्रवेश आहे का? असेल तर मी येतो. सायकल मोडणारा मीच होणार, मला "माझं काही चुकलं असेल तर" फार छान म्हणता येतं.

पाऊलवाट
या की! जेवण आपापलं. तारीख खासगी निरोपात कळवते.

दुसरी_घंटा
बाण, चालेल. पण मग पाऊलवाट, सायकलच्या मालकाला आधीच बाजूला घेऊन सांगून ठेवा की शेवटी माफ करायचं नाहीये. हे लोक काय काय करून बघतात ते दिसू दे सगळ्यांना.